हिंगणोलीच्या कुरणात शेण का उचलत नाहीत

शहराची बस जिथून वळून माघारी फिरते, तिथे हिंगणोली लागते. पूर्वी ते गाव होतं, आता उपनगर म्हणतात. चौदा-चौदा मजली इमारतींच्या मधोमध तिथे साठ बिघे हिरवळ मोकळी आहे. तिला कुंपण नाही, कारंजं नाही, सिमेंटचा हत्ती नाही, कुणाच्या स्मरणार्थ बसवलेलं बाकडं नाही. गवत आहे, पुरलेले चार दगड आहेत, तीसेक गुरं आहेत आणि जागोजाग शेण आहे. ते शेण कुणी उचलत नाही आणि कुणाला उचलूही देत नाहीत.

मागे एका रविवारी नव्या इमारतींतली वीस-पंचवीस माणसं परिसरातल्या बागा पायी हिंडून पाहायला निघाली होती. पहिल्या बागेला कुलूप होतं. ती दहा ते चार बंदच असते. दुसऱ्या बागेत ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी होती आणि गवत प्लास्टिकचं होतं. तिसऱ्या बागेत चालायची फरशी, त्या फरशीवर मोटारसायकली. अशी तीन ठिकाणं पाहून मंडळी कुरणात आली आणि त्यांच्यातल्या एका गृहस्थांचा कोरा बूट शेणात गेला. बूट दगडाला घासत ते म्हणाले, एवढी सुंदर जागा आहे, महापालिकेला अर्ज करून स्वच्छ करून घ्यायला काय हरकत आहे?

पलीकडे मथुराबाई वाळुंज गुरं राखत उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, हिंगणोलीच्या पाटलांच्या घरची थोरली सून. त्या काठी टेकत आल्या.

“आदी त्यो बूट दगडावरनं काढा,” त्या म्हणाल्या. “आन् आता ऐका. बसू नका, हुबं ऱ्हाऊन ऐका.”

मथुराआजी ही गोष्ट दर वेळी चिडूनच सांगतात. परक्याची कागाळी सांगताना माणूस चिडतो तशा नव्हे, घरच्या माणसाने केलेलं उणं सांगताना चिडावं तशा. कारण गोष्टीतला पाटील त्यांच्याच सासरचा मूळपुरुष.

सात-आठ पिढ्यांमागची गोष्ट आहे, असं सांगतात. हिंगणोलीत तेव्हा दोनशे गुरं होती आणि ती राखायला म्हादू नावाचा गुराखी होता. तो पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. त्याचे दिवस झाले आणि दुसऱ्याच सकाळी त्याची बायको आवडाई नवऱ्याची काठी घेऊन गुरांपुढे चालू लागली. बाईमाणसाने गावची गुरं वळावीत हे गावाला रुचलं नाही. पण गुरं दुसऱ्या कुणामागे जाईनात, म्हणून गावाने तोंड वाकडं करून ते चालवून घेतलं.

आवडाईने कुरणात चार दगड पुरले आणि त्यांच्या खुणेने चार वाटे पाडले. पंधरवडाभर गुरं एका वाट्यात चरायची, बाकीचे तीन वाटे तसेच राहायचे. त्यांना ती ‘निजलेलं’ म्हणायची. निजलेल्या गवतात ती स्वतः पाऊल घालत नसे आणि गुरांनाही घालू देत नसे. ना कुंपण, ना चर. नुसती काठी आडवी धरायची आणि तोंडाने ‘हं’ म्हणायचं. सात वर्षं तिने हेच केलं. त्या सात वर्षांत हिंगणोलीत वैरणीची ओरड झाली नाही, आणि ती का होत नाही हे विचारायला एकही पुरुष कुरणात फिरकला नाही.

मग एका श्रावणात निरोप आला की सरदारांचे कारभारी मुलूख पाहत फिरताहेत आणि पंधरा दिवसांनी हिंगणोलीचं कुरण पाहणार आहेत. सरदारांची तीनशे घोड्यांची पागा जवळच पडायची होती. घोड्यांना गवत लागतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कुशाजी पाटलांनी चावडीवर गाव बोलावलं. आता अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? कुरण आपलं आहे हे दाखवायची तजवीज करेल. पण हिंगणोलीच्या चावडीवर चर्चा झाली ती कारभाऱ्यांच्या जोड्यांची. मोठा माणूस येणार, त्याचा पाय शेणात पडला तर गावाची अब्रू काय राहील? पाटलांनी तोंड उघडलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. गुरं आजपासून गोठ्यात बांधायची, गेल्या सालचा कडबा आहे तो घालायचा. कुरणातलं शेण झाडून वेचायचं आणि खुरांनी उखणलेली जमीन फळ्या फिरवून सारखी करायची. रांगोळीचाही विचार निघाला होता म्हणे, पण गवतात ती दिसणार कुठे म्हणून राहिली.

आवडाई चावडीच्या पायरीखाली उभी होती. तिला वर यायची मुभा नव्हती. ती खालूनच बोलली.

“पाटील, कुरणातलं श्यान हीच गावाची निशाणी हाये. ती पुसू नगा.”

“गुराखणीनं गुरं वळावी,” पाटील म्हणाले. “गावाची अब्रू गावाला कळती.”

हुकूम पुरुषांनी सोडला आणि पाट्या बायकांच्या डोक्यावर आल्या. तीन दिवस भर पावसात त्या वाकून शेण वेचत होत्या. बांधावर पुरुष तंबाखू मळत उभे राहायचे आणि बोटं दाखवायचे, तिकडे राहिलं, पलीकडे राहिलं. आवडाईनेही वेचलं. ओल्या शेणाची पाटी उचलताना तिच्या मनात येई की सात वर्षांची आपली राखण आपणच डोक्यावरून वाहून उकिरड्यावर टाकतोय. तिने दात आवळून वेचलं, कारण न वेचावं तर तिच्या वाटणीचं शेण शेजारणीच्या पाटीत जाणार होतं.

पंधरा दिवसांनी कारभारी आले. तोवर श्रावणाने आपलं काम केलं होतं. चरलेल्या वाट्यातही गवत ढोपराला लागत होतं आणि निजलेलं तर कमरेला. कारभारी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. जोड्याला काही लागलं नाही. खूर दिसला नाही, शेणाचा पो दिसला नाही, गुराचा वास म्हणून आला नाही. गावाने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. ज्या कुरणात गावची गुरं चरत नाहीत ते पड, आणि पड ते सरकारचं, असा त्या काळी दंडक होता असं सांगतात. कारभाऱ्यांनी कारकुनाकडे पाहिलं आणि म्हणाले, “पड लिही.”

तेव्हा पाटलांच्या पायाखालची जमीन सरकली. हात जोडून ते म्हणाले, “सरकार, पड न्हाई. गुरं चरत्यात. आपन येनार म्हून साफ केलंया.”

कारभारी थांबले. त्यांनी विचारलं एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. “कुणी साफ केलं? कुणाच्या हुकमानं?”

एका शब्दाचं काम होतं. ‘मी’ म्हणायचं होतं. पण खुणा पुसणं म्हणजे सरकारची फसवणूक, हे ऐन वेळी सगळ्यांना आठवलं. पाटलांनी भावकीतल्या महादजीकडे पाहिलं, महादजीने पाटलांच्या हाताखालच्या चौगुल्याकडे, चौगुल्याने आभाळाकडे.

“गावानं,” पाटील म्हणाले.

“गाव म्हणजे कोण?”

बायका लांब उभ्या होत्या, आवडाई त्यांच्यात. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. कारभाऱ्यांनी थोडी वाट पाहिली, मग कारकुनाला खूण केली. कुरणाच्या चारी बाजूंना भालाईत उभे राहिले.

पुढचे आठ दिवस हिंगणोलीच्या गोठ्यांतून जे हंबरणं उठलं ते ऐकवत नव्हतं. कडबा तर दिखाव्यापायी संपला होता. बायका बांधाबांधावरून मूठ-मूठ गवत खुरपून आणायच्या. दोनशे तोंडांना ते किती पुरणार. गुरं गव्हाणीचं लाकूड चाटू लागली. सात जनावरं मेली. त्यातली पहिली आवडाईची मोरी गाय, पहिलं वेत व्यायलेली, मागे महिन्याचं वासरू ठेवून गेली. आणि चावडीवर बोलणं काय चाललं होतं? की बायकांनी फारच साफ केलं, थोडं तरी ठेवायचं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. हे बोलणं आवडाईच्या कानी आलं तेव्हा ती वासराला बोटाने पेज चाटवत होती. तिने हात पुसला, काठी घेतली आणि कुणाला न सांगता कारभाऱ्यांच्या तळावर गेली.

तिला राग आला होता. रडू येण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती.

“मानसं खोटं बोलत्यात,” ती कारभाऱ्यांना म्हणाली. “मुकीच ऱ्हात्यात. तुमी गुरांना इचारा.”

कारभारी हसले. गुरं काय सांगणार? तेव्हा तिने चार दगडांची गोष्ट सांगितली. म्हणाली, ‘गुरं सोडा. मी आत येत नाही, मला इथेच बांधून ठेवा. गुरं परकी असतील तर जिथे गवत उंच तिथे धावतील. हे रान त्यांचं असेल तर माझ्या रेघेपाशी थांबतील. न थांबली तर कुरणही घ्या आणि मलाही घ्या.’

गुरं आठ दिवसांची उपाशी होती. ती थांबणं शक्यच नव्हतं. कारभाऱ्यांना ते ठाऊक होतं आणि आवडाईलाही. तरी ती बोलून गेली होती आणि आता मागे फिरण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर गोठे उघडले. आवडाईला बाभळीला बांधलं होतं, तोंडावर फडकं होतं, म्हणजे तिने आवाज देऊ नये. गुरं आली ती धडपडत, एकमेकांच्या अंगावर पडत. कुरणात शिरली आणि ढोपरभर गवतातून सरळ पुढे निघाली, जिकडे कमरेइतकं गवत वाऱ्यावर हलत होतं तिकडे. आवडाईने डोळे मिटून घेतले. गावाचे पुरुष बांधावर होते. कुणीतरी म्हणालं, गेलं.

आणि मग सगळा धडधडाट थांबला. आवडाईने डोळे उघडले तेव्हा दोनशेला सात कमी एवढी गुरं पहिल्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत एका ओळीत उभी होती. पुढे उंच गवत, इतकं जवळ की मान लांब केली तर तोंडात यावं. एकाही जनावराने मान लांब केली नाही. एक म्हातारा बैल तर रेघेवर थरथरत उभा होता म्हणे, लाळ गळत होती, पण खूर पुढे पडला नाही. मग ती सगळी माघारी वळली आणि आपल्या वाट्यातलं ढोपरभर गवत खाऊ लागली.

कारभाऱ्यांनी जोडे काढले. अनवाणी आवडाईपाशी गेले आणि तिची दोरी आपल्या हाताने सोडली. कारकुनाने ‘पड’ खोडून ‘चरतं’ लिहिलं. पागा दुसरीकडे गेली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर हिंगणोलीकरांना ती सांगताना बरं वाटलं असतं. पण मथुराआजी म्हणतात, खरी गोष्ट इथून पुढे आहे.

गावात आनंदीआनंद झाला. हलगी वाजली. पाटलांनी आवडाईसाठी हिरवं लुगडं आणवलं. कुरणाच्या तोंडाशी एक शिळा उभी करायचं ठरलं, आणि त्या शिळेवर नाव कुणाचं, तर कुरण राखणाऱ्या कुशाजी पाटलाचं. हे सांगायला पाटील स्वतः कुरणाच्या कडेला आले. लुगडं पुढे केलं.

आवडाईने त्याला हात लावला नाही. तिने एवढंच विचारलं, “श्यान उचलायला कुणी सांगितलं?”

पाटील हसले. “झालं गेलं गंगेला मिळालं, आवडे.”

“माजी मोरी न्हाई मिळाली. कुणी सांगितलं?”

“गावानं ठरवलं हुतं.”

“मंग गावाला म्हनावं, गुरं हितंच ऱ्हातील.”

आणि त्या संध्याकाळी गुरं घरी आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. जो हुकूम देणारा आहे त्याने कुरणातलं गवत दाती धरून यावं, हाताने नव्हे, गुरासारखं वाकून, आणि ‘मी’ म्हणावं; तोवर एक शेपूट गावात येणार नाही, असा तिने पण केला. पुरुष काठ्या घेऊन गेले. गुरं आवडाईभोवती गोल करून शिंगं खाली घालून उभी राहिली. पुरुष परत आले.

बायकांना गुरांनी अडवलं नाही. त्या सकाळ-संध्याकाळ पोरं काखेत मारून कुरणाच्या कडेला जायच्या, तिथेच धार काढायच्या आणि पोरांना पाजायच्या. थेंबही घरी न्यायच्या नाहीत. चावडीवर कोरडी भाकरी खात पुरुष म्हणायचे, आज ना उद्या बाई थकेल. नांगर पडून राहिले. रब्बीच्या पाळ्या राहिल्या. तरी ‘मी’ हा एवढासा शब्द कुणाच्या तोंडातून निघेना. सगळे होते तिथे. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. आणि विचारलं की जो तो म्हणायचा, मी तर मागे बसलो होतो. भित्र्या माणसाचा राग येत नाही, कीव येते. पण आपलं भित्रेपण जो गावाच्या नावावर खपवतो त्याचा राग आला नाही तर रागाला काय अर्थ आहे, असं मथुराआजी विचारतात.

असा भादवी पोळा आला. घरोघरी गोंडे, झुली, बेगड काढून ठेवलेली आणि दावणी मोकळ्या. पोळ्याला बैल नाही म्हणजे गावाची आजूबाजूला छी-थू. पाटलांनी मातीच्या बैलांची जोडी करवून आणली, पाटावर मांडली आणि बायकोला म्हणाले, नैवेद्य आण.

पाटलीणबाईंनी परातीत माती कालवली, तिचा गोळा थापला आणि तो पाटापुढे ठेवला.

“मातीच्या बैलाला मातीची पोळी,” त्या म्हणाल्या. “पुरन हाये. ते खरा बैल दारात आला म्हंजी.”

त्यांनीही तीन दिवस शेण वेचलं होतं.

पाटील उठले. डोक्याचं पागोटं काढून पाटावर ठेवलं आणि भर दुपारी, सगळं गाव बघत असताना, कुरणाकडे चालू लागले. मागून एकेक पुरुष निघाला. कुरणाच्या कडेला पाटील थांबले. समोर आवडाई उभी होती, पंधरा दिवसांत हाडं वर आलेली. पाटलांनी हात मागे बांधले आणि वाकले. पोट मोठं होतं, वाकवेना. गुडघे टेकले, मग कोपरं टेकली. तोंड गवतात घातलं तेव्हा नाकाला ताजं शेण लागलं. गवताची काडी दातांनी तोडून त्यांनी मान वर केली.

“कुणी सांगितलं?” आवडाईने विचारलं.

“मी,” पाटील म्हणाले. काडी दातात होती, शब्द नीट आला नाही. तिने पुन्हा विचारलं. “मी सांगितलं. चावडीवर मी सांगितलं. कारभाऱ्यांपुढं मीच भ्यालो.”

मग मागचे एकेक वाकले. प्रत्येकाला तिने तोच प्रश्न विचारला, आणि ज्यांनी नुसत्या माना हलवल्या होत्या त्यांच्याकडूनही तेच उत्तर घेतलं. ऊन कलेपर्यंत हे चाललं. शेवटचा माणूस झाल्यावर तिने काठी बाजूला केली आणि गुरं गावाकडे निघाली. पाटील तिथेच बसले होते. त्यांनी विचारलं, “गेला का आता राग?”

“न्हाई,” आवडाई म्हणाली. “आन् जायचा बी न्हाई. राग गेला की तुमी पुन्ना झाडायला घ्याल.”

लुगडं तिने शेवटपर्यंत घेतलं नाही. शिळा उभी राहिली नाही. पुढे ती कधी वारली, कुठे वारली, हे कुणाला सांगता येत नाही.

आजही हिंगणोलीच्या कुरणातलं शेण कुणी उचलत नाही. आजही भादवी पोळ्याला पुरुषांनी हात मागे बांधून तिथलं गवत दातांनी तोडायचं असतं, आणि गावाच्या बायका ओळीने उभ्या राहून विचारतात, कुणी सांगितलं? उत्तर एकच चालतं. नव्या इमारतींतले लोकही आता येतात. त्यातले काही म्हणतात, आम्ही तर परवा राहायला आलो. बायका म्हणतात, मग काल काय केलंत ते आठवा आणि वाका. बहुतेकांना काही ना काही आठवतं.

गेल्या पोळ्याला उद्यानाचे एक साहेब आले होते. कुरण झाडून, फरशी घालून, कडेने दिवे लावायचा आराखडा त्यांच्या हातात होता. मथुराआजींनी त्यांनाही ओळीत घेतलं आणि विचारलं, हे करायला कुणी सांगितलं? साहेब म्हणाले, प्रस्ताव वरून आला आहे. वर म्हणजे कोण, आजींनी विचारलं. साहेबांनी आराखड्याची गुंडाळी या हातातून त्या हातात घेतली. पन्नास बायका उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या. साहेब तासभर उभे होते, मग गाडीत बसून गेले. यंदाच्या पोळ्याचं आवतण आजींनी त्यांना नावानिशी धाडलं आहे, आणि ओळीतली त्यांची जागा तशीच मोकळी ठेवणार आहेत.